तलावाकाठचा मुक्काम, पण काठापासून दोनशे पावले दूर

प्रति,
मा. संपादक,
सविनय नमस्कार.

विषय : जंगलातील मामा (माजी मालगुजारी) तलावांवर होणारे उन्हाळी मुक्काम

महोदय,

गेल्या काही वर्षांपासून उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या भागातील जंगलालगतच्या तलावांवर शहरांतून मुक्कामाला येणाऱ्या तरुण मंडळींची संख्या वाढू लागली आहे. पाठीवर पिशवी, एक लहानसा तंबू आणि दोन दिवसांचे खाणे घेऊन, वीज, खोली, नळ, संडास यांपैकी काहीही नसलेल्या ठिकाणी एक-दोन रात्री काढायच्या, असा त्यांचा बेत असतो. त्याविषयी गावात दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींचे म्हणणे असे की ही मंडळी येऊच नयेत. इतरांना वाटते की ती येतच आहेत, तर तलावाच्या पाळीवर सिमेंटच्या खोल्या, दिव्यांचे खांब आणि उपाहारगृह उभारून गावाने चार पैसे मिळवावेत. मला ही दोन्ही मते पटत नाहीत. रानातला असा साधा मुक्काम व्हावा, तो सोयींवाचूनच व्हावा, आणि त्याचे नियम त्या गावच्या ग्रामसभेने ठरवावेत, असे माझे म्हणणे आहे. ते जरा सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

मी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या गावच्या तलावाला तीन बाजूंनी टेकड्या आहेत आणि चौथ्या बाजूला मातीची जुनी पाळ आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी टेकडीचा उतार, ओढ्याचे वळण आणि मातीची जात पाहून ते बांधले. जादा पाणी वाहून जाण्यासाठी सलंग आणि शेतीला पाणी सोडण्यासाठी तुडूम अशी त्यांची रचना असते, आणि ज्यांनी ती केली त्यांच्याजवळ ना दुर्बीण होती ना नकाशा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली व हे तलाव शासनाकडे आले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव म्हणतात. ते धानाच्या शेतीसाठी बांधले गेले खरे, परंतु पाणलोट जंगलात असल्यामुळे उन्हाळ्यात या तलावांवर शेतीपेक्षाही जंगलच अधिक अवलंबून असते. या पत्रातील पुढचे सर्व म्हणणे याच एका गोष्टीवर उभे आहे.

रानात उघड्यावर रात्र काढणे आमच्या लोकांना नवे नाही. मोहफुलांच्या हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये, फुले पहाटे गळतात म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे झाडाखाली मुक्कामाला असत. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला बैलगाड्यांनी जाणारी माणसे गाडीखालीच झोपत, आणि पिकाच्या जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला माळ्यावरची रात्र आजही चुकलेली नाही. मी लहान असताना आजोबांबरोबर अशा मुक्कामांना गेलो आहे. रातवा पक्ष्याचा एकसुरी आवाज, पहाटे मोहाच्या फुलांचा जड वास, आणि उजाडताना तलावावरून येणारी थोडीशी गार झुळूक या गोष्टी मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवल्या नाहीत. शहरातल्या मुलांना त्या अनुभवाची ओढ वाटत असेल तर त्यांना हाकलून लावणे योग्य नाही. उलट त्यांच्यातल्या काहींनी जाताना आपला कचरा पिशवीत भरून नेलेला आणि गावातल्या वृद्धांजवळ बसून झाडांची नावे लिहून घेतलेली मी पाहिली आहेत.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. होळीनंतर टेकडीवरचे नाले आटू लागतात, एप्रिलमध्ये नाल्यांतल्या डोहांतले पाणीही संपते, आणि मे महिन्यात आसपासच्या सगळ्या रानाला मिळून पाणी म्हणून काय उरते, तर तलावाच्या मध्यभागचे एक हिरवट डबके आणि त्याभोवती भेगाळलेला गाळ. वन विभाग वर्षानुवर्षे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांच्या नोंदी घेत आला, त्यामागचे कारण हेच होते. पाणी थोड्याच जागी उरलेले असते, प्राण्यांना तेथे यावेच लागते आणि चांदणे असल्याने ते दिसतात. आता वाघांची मोजणी कॅमेरा ट्रॅपने होते आणि मचाणावरची ती रात्र ‘निसर्गानुभव’ या नावाने निसर्गप्रेमींसाठी ठेवलेली आहे, तरी तेथे बसणाऱ्यास आजही बोलू नये, बॅटरी चमकवू नये, अत्तर लावू नये असे बजावले जाते. मग त्याच पाण्यापासून दहा पावलांवर तंबू ठोकून, दिवा लावून, मोबाइलवर गाणी वाजवत जेव्हा आठ-दहा जण रात्र काढतात, तेव्हा दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या चितळाने, सांबराने, पिलू पाठीवर घेतलेल्या अस्वलाने काय करावे? त्याला दुसरीकडे जायला पाणीच नसते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीत असताना एका एप्रिलमध्ये गावातल्या मोठ्या मुलांना घेऊन मी थेट पाळीवरच मुक्काम केला, कारण तेथे जागा सपाट होती आणि वारा लागत होता. आम्ही दंगा केला नाही, गाणी म्हटली नाहीत. फक्त एक कंदील होता आणि मुलांची कुजबुज. रात्रभर समोरच्या बांबूच्या बेटातून सांबराचा इशारा थांबून थांबून ऐकू येत राहिला, आणि मुलांना मी मोठ्या उत्साहाने सांगत राहिलो की जवळपास वाघ किंवा बिबट्या असावा. सकाळी उठून पाहिले, तर चितळांच्या खुरांचे ताजे ठसे वाळलेल्या गाळाच्या कडेपर्यंत आलेले होते आणि तेथूनच मागे वळलेले होते. सांबर कोणाला पाहून ओरडत होते हे मला तेव्हा समजले. त्या रात्री त्या जनावरांना आमच्यामुळे पाणी मिळाले नाही, ही गोष्ट मी आजवर विसरू शकलेलो नाही.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना अशी की मुक्कामाची जागा पाण्याच्या काठापासून निदान दोनशे पावले दूर असावी, आणि ती जनावरांच्या पाण्यावर येण्याच्या वाटेवर नसावी. ही वाट ओळखणे कठीण नाही. टेकडीवरून उतरणाऱ्या नाल्याची वाळू, पाळीचा माथा आणि झुडपांतून गेलेल्या अरुंद पायवाटा यांवर ठसे व लेंड्या दिसतात, आणि गावातला कोणताही गुराखी त्या वाटा बोटाने दाखवू शकतो. पाणी घ्यायचे असेल तर दिवसा घ्यावे, आणि सूर्य मावळण्यापूर्वी काठ मोकळा करावा. तलावात साबण लावून अंघोळ करणे, भांडी घासणे हे तर कोणत्याही वेळी नको, कारण मे महिन्यातल्या त्या उथळ पाण्यात ढीवर बांधवांची मासळीही जगत असते आणि त्यावर त्यांच्या संस्थेने ठेका भरलेला असतो. शौचासाठी वीतभर खोल खड्डा, तोही पाण्यापासून शंभर पावलांच्या आत नाही आणि वापरानंतर मातीने बुजवलेला, एवढी शिस्त प्रत्येकाला पाळता येते.

पायाखाली पाहून चालण्याची सवयही हवी. टिटवी याच दिवसांत तलावाच्या कोरड्या झालेल्या खडकाळ काठावर उघड्यावरच अंडी घालते. ती मातीच्या रंगाची असल्यामुळे पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. रातवा वाळक्या पाल्यावर घरटे न करताच अंडी घालतो. तंबूसाठी पाला झाडून जागा साफ करताना, टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर ती जागा सोडून द्यावी. तिला वाचवण्यासाठी एवढे पुरे आहे.

दुसरी सूचना आगीविषयी आहे, आणि येथे मी तडजोड करायला तयार नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्या राज्यात वणव्याचा हंगाम मानला जातो. या काळात साग, धावडा, तेंदू यांची पाने गळून जमिनीवर घोट्याएवढा पाला साचतो, त्यावर दुपारचा गरम वारा सुटतो, आणि टेकडीच्या उतारावर पायथ्याशी लागलेली आग माथ्याकडे धावते, कारण वर जाणारी धग पुढचा पाला आधीच कोरडा करून ठेवते. मुक्काम म्हटला की शेकोटी आणि चूल आलीच, असे बहुतेकांना वाटते. दोन वर्षांपूर्वी शहरातून आलेल्या एका गटाने आमच्या तलावाच्या वरच्या अंगाला गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, रात्री गोवऱ्यांवर राख ओढून वरून बादलीभर पाणीही टाकले, आणि सकाळी ते निघून गेले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. परंतु गोवरीचा विस्तव राखेखाली कित्येक तास जिवंत राहतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दुपारी वारा सुटला आणि चारच्या सुमारास टेकडीवर धूर दिसला. गावातली तीस-चाळीस माणसे हिरव्या फांद्या घेऊन धावली, वनरक्षक आले, पाला ओढून जाळरेषा काढली, आणि आग विझायला रात्रीचे अकरा वाजले. मोठी झाडे जगली, पण चार वर्षे गुरे वळवून आम्ही जपलेली साग व बिजा या झाडांची रोपे त्या एका उतारावरून पूर्ण नाहीशी झाली.

वणव्याचा सारा दोष पाहुण्यांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची आणि तेंदूला नवी पालवी चांगली फुटते म्हणून रान जाळण्याची सवय आमच्याच लोकांत आहे, आणि ती आम्हालाच मोडावी लागेल. झाडाखाली जुने लुगडे किंवा जाळी पसरली तर फुले स्वच्छही मिळतात, हे आता अनेक घरांनी अनुभवले आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनाला धोका होईल अशी आग पेटवणे किंवा ती जळती सोडून जाणे गुन्हा आहे, परंतु कायद्याचा धाक ठिणगी पडल्यानंतर कामी येत नाही. पाऊस पडेपर्यंत रानातल्या मुक्कामात चूल नको आणि शेकोटीही नको, असा सरळ नियम हवा. जेवणाचे त्यामुळे काहीही अडत नाही. भाकर, जवसाची चटणी, ठेचा, कांदा, सातूचे पीठ, पोह्यांचा चिवडा आणि कैरीचे पन्हे यांवर आमच्या वाडवडिलांनी उन्हाळ्यातले प्रवास केले आहेत. गरम जेवण हवेच असेल, तर गावातल्या बचत गटाच्या महिलांना आधी सांगावे. भात-वरण पळसाच्या पत्रावळीवर गावातच वाढले जाईल आणि त्याचे पैसेही त्यांच्या हाती पडतील.

प्रकृतीच्या दृष्टीने मे महिना हा या मुक्कामाचा काळच नव्हे. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा आमच्याकडेही त्याहून फार वेगळी स्थिती नसते, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर रात्रीही जमीन धग सोडत राहते. ज्यांना यायचे आहे त्यांनी एप्रिलचा पहिला पंधरवडा उलटण्यापूर्वी यावे, माणशी पाच-सहा लिटर पिण्याचे पाणी गावच्या विहिरीवरून किंवा हातपंपावरून भरून न्यावे आणि दुपारी अकरा ते चार सावली सोडू नये. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे वादळ येते, गारा पडतात, विजा कडाडतात. अशा वेळी टेकडीचा माथा, एकटे उंच झाड आणि पाणी या तिन्ही जागा सोडाव्यात.

सापांविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण यात जीव जातो. उकाड्यामुळे बंद तंबूत झोप येत नाही, म्हणून माणसे मध्यरात्री अंथरूण बाहेर काढून जमिनीवर आडवी होतात, आणि मण्यार हा साप रात्रीच फिरतो. त्याचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही, सूज येत नाही, खूण नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि मग श्वास अडतो. जमिनीवर झोपायचेच असेल तर तळ शिवलेली जाळीची मच्छरदाणी हवी, नाहीतर बाज आणि तिच्या गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. अशी लक्षणे दिसताच मंत्र-तंत्र, चिरा देणे, दोरी आवळणे यांत क्षणही न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सर्पदंशावरील लस असलेले जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. ते कोणते आणि किती दूर, हे मुक्कामाला जाण्यापूर्वीच माहीत असले पाहिजे. मोहाच्या झाडाखाली तंबू लावू नये, कारण फुलांच्या आणि पुढे फळांच्या दिवसांत अस्वल तेथे हमखास येते. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळे, पिकलेल्या झुडपांचीही तीच गोष्ट. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या. त्या रानात वाढलेल्या होत्या, वाटा ओळखणाऱ्या होत्या. जेथे वाघाचा वावर ताजा आहे असे वनरक्षक सांगतील, तेथे त्या वर्षी मुक्काम नाही, हे कोणतीही घासाघीस न करता मान्य केले पाहिजे.

राहिला प्रश्न परवानगीचा आणि सिमेंटचा. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान आणि राखीव वन यांत परवानगीवाचून रात्री राहता येत नाही आणि येऊही नये. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आत कोणी परस्पर तंबू टाकावा असे मी सुचवत नाही. परंतु ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्या ग्रामसभांना आपल्या हद्दीतील वन, वन्यजीव आणि जलस्रोत यांचे रक्षण करण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ५ ने दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला असे हक्क २००९ मध्येच मिळाले आणि बांबूपासून जलसंधारणापर्यंतचे निर्णय ते गाव सर्वांच्या संमतीने घेते. एका रात्रीत किती माणसे राहतील, कोणत्या जागी राहतील, कोणत्या आठवड्यात तलाव पूर्णपणे मोकळा ठेवायचा, हे ठरवायला याहून योग्य जागा कोणती असेल? आमच्या तलावापुरते माझे मत असे आहे की एका वेळी एकच गट, आठ माणसांहून मोठा नाही, सोबत गावातला एक जाणकार तरुण आणि त्याचे दिवसाचे रास्त मानधन.

सिमेंटच्या खोल्यांना माझा विरोध केवळ सौंदर्याच्या दृष्टीने नाही. खोली आली की वीज येते, वीज आली की रात्रभर दिवे राहतात, दिव्यांमुळे जनावरे पाण्यावर यायची थांबतात, आणि वर्षभर गिऱ्हाईक हवे म्हणून जे मुक्काम आज वर्षातले पंधरा-वीस दिवस होतात ते बारमाही होतात. पाळीवर बांधकामाचा भार आणि खोदकाम यांमुळे मातीच्या जुन्या बांधाला इजा होते, ती वेगळीच. या तलावांवर खर्च करायचाच असेल तर गाळ काढणे, सलंगेची डागडुजी आणि काठाला माजलेली बेशरम नावाची झुडपे उपटणे ही कामे कितीतरी वर्षांपासून वाट पाहत आहेत. तलाव खोल झाला तर मे महिन्यात त्यात पाणी राहील, आणि त्यावर धान, मासळी व जनावरे या तिघांचेही भागेल.

वरील सूचनांचा एक मसुदा मी आमच्या ग्रामसभेपुढे ठेवला आहे आणि त्यावर पुढच्या सभेत चर्चा व्हायची आहे. जिल्हा परिषद आणि वन विभाग यांनी असे नियम करू पाहणाऱ्या गावांना येत्या १५ फेब्रुवारीपूर्वी लेखी मार्गदर्शन द्यावे, आणि तोपर्यंत कोणत्याही मामा तलावाच्या पाळीवर पर्यटनाच्या नावाने बांधकामाला मंजुरी देऊ नये, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. ज्या गावांनी असे काही नियम आधीच केले असतील त्यांनी ते आपल्या स्तंभातून कळवावेत. आमच्या मसुद्यात त्यांचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया